दर पावसाळ्यात पानं गाळणारं प्रिव्हेट बोन्साय: नेमकं काय बिघडतं आणि ते कधी सुधारायचं

मृगाच्या पहिल्या सरींत प्रिव्हेट हिरवंगार होतं. आर्द्रा सरून पुनर्वसू लागला की आतल्या फांद्यांवरची पानं पिवळी पडायला सुरुवात होते, आणि आषाढ संपेपर्यंत निम्मं झाड उघडं दिसायला लागतं. मग धावाधाव सुरू होते. कुणी बुरशीनाशक मारतं, कुणी चिमूटभर युरिया टाकतं, कुणी झाड उचलून घरात आणतं. चवथीच्या आगेमागे पाऊस उघडीप देतो, फांद्यांवर नवे कोंब फुटतात आणि आपण समजतो की औषध लागू पडलं. पुढच्या वर्षी पुनर्वसूत पुन्हा तेच.

गोव्यात डिचोली, फोंडा, म्हापसा, काणकोण, कुठूनही कुणी प्रिव्हेटबद्दल विचारलं तर तक्रार बहुतेक वेळा हीच असते. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा रोग पानांचा नाही, उपाय जुलैत करण्यासारखा नाही, आणि सप्टेंबरात झाड सावरतं म्हणूनच हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच राहतो. जे बदलायला हवं ते ट्रेच्या तळाशी असतं, आणि ते बदलायचे दिवस कोरडे असतात.

आधी झाड प्रिव्हेटच आहे ना, एवढं बघून घ्या. कुंपणाची रोपं विकताना नर्सरीत बरीच सरमिसळ होते. प्रिव्हेट म्हणजे लिगस्ट्रम, म्हणजे मोगरा, जाई आणि ऑलिव्ह यांच्या कुळातलं झाड. पानं साधी, समोरासमोर जोडीनं येणारी, काटे नाहीत, पांढऱ्या बारीक फुलांचे उग्र वासाचे तुरे, नंतर निळसर काळी फळं. फळं पिवळी-नारिंगी धरत असतील तर ते बहुधा डुरांटा. एका देठावर अनेक छोटी पानं असतील तर कामिनी. बोन्सायसाठी आपल्याकडे येतं ते बहुधा चिनी प्रिव्हेट, त्यातही पांढऱ्या कडेची पानं असलेली जात बरीच दिसते. प्रिव्हेटची फळं विषारी असतात, घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर फळं धरू देऊ नका.

पान कुठलं आणि कसं गळतंय, ते आधी पाहा

सगळी पानगळ एकसारखी नसते. पंप हातात घेण्याआधी झाडापाशी दहा मिनिटं शांत बसा आणि गळणारी पानं एका सुपात वेगवेगळी करा.

सगळीकडून थोडीथोडी, फक्त फांदीच्या बुडाकडची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील आणि टोकाला नवी पालवी जोमात असेल, तर काळजीचं कारण नाही. प्रिव्हेट पूर्ण सदाहरित नाही. थंड मुलखात ते हिवाळ्यात पानं गाळतं, आपल्याकडे नवी पालवी येताना जुनी टाकतं.

पानांवर तपकिरी ठिपके, भोवती जांभळट किंवा पिवळी कड, आणि हे ठिपके पावसाची झड बसते त्याच बाजूला जास्त, तर तो पानांवरच्या बुरशीचा ठिपका. हा दिसायला वाईट, पण एकट्यानं झाड मारत नाही.

पान चिकट, त्यावर काजळीसारखा काळा थर, तर देठांच्या बेचक्यात खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर शोधायची गरजच नाही, त्या तिकडेच चालल्या आहेत. हा त्रास पावसापेक्षा मार्च ते मेमध्ये जास्त, आणि त्याच दिवसांत पानं फिकट, धुळकट, बारीक टिंबांनी भरल्यासारखी दिसली तर लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटका, हलणारी टिंबं दिसतील.

मे महिन्यात पानांच्या कडा करपतात आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यात झाड सुधारतं, असं असेल तर पाण्यातलं मीठ तपासा. किनाऱ्याजवळच्या गावांत उन्हाळ्याच्या शेवटी विहिरीचं पाणी मचूळ होतं. माणसाला जिभेवर जाणवायच्या आधी ट्रेमधल्या मुळांना ते जाणवतं. सुकी मासळी भिजवलेलं पाणी झाडांना घालायची सवय पुष्कळ घरांत आहे. माडाला, केळीला ते चालून जातं, बोन्सायला अजिबात नको.

राहिली ती आपली मुख्य तक्रार. पानं पूर्ण पिवळी, कधी अर्धवट हिरवी असतानाच गळतात, बोट लावताच देठापासून सुटतात. नवी पालवी लहान आणि फिकट. माती ओली असूनही दुपारी कोंब मलूल. खोड बुडाशी धरून हळूच हलवलं तर झाड ट्रेमध्ये किंचित डुलतं. हे सगळं एकत्र दिसलं की पानांकडे बघणं थांबवा, झाड ट्रेबाहेर काढायची वेळ आली आहे.

ट्रेबाहेर काढल्यावर दिसतं ते

पावसाचं पाणी अंगावर पडणार नाही अशा जागी, पडवीत किंवा पत्र्याखाली, झाड मातीच्या गड्ड्यासकट उचला. बाजूच्या, भिंतीला टेकलेल्या मुळांकडे पाहिलं तर अनेकदा ती पांढरी-पिवळसर, टणक, अगदी ठीक वाटतात. तिथंच फसायला होतं. गड्डा उलटा करा. तळाची बोटभर जाडी काळपट, चिखलासारखी घट्ट, आणि तिला गटाराचा वास. त्यातलं एक मूळ दोन बोटांत धरून ओढा. वरची साल निसटून बोटांत येते आणि आत दोऱ्याइतकी बारीक शीर उरते. हे मूळ मेलेलं आहे. भोकांवरची जाळी पाहा, तिच्यात तांबड्या मातीचा गाळ बसून ती लिंपल्यासारखी झालेली असते.

वास सगळ्यात भरवशाचा. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला म्हणजे तिथं प्राणवायू संपलेला आहे.

मुळांवर वास नसेल पण मण्यांसारख्या गाठी असतील आणि त्या चोळून निघत नसतील, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. मग उपाय वेगळा: जुनी माती सगळी टाकून द्यायची (परसातल्या दुसऱ्या झाडाखाली नको), मुळं स्वच्छ धुवायची, गाठाळ मुळं कापायची आणि नव्या मिश्रणात थोडी निंबोळी पेंड मिसळायची.

पाणी उतरत नाही, कारण ट्रे उथळ आहे

इथं जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण बाकी सगळे उपाय याच्यावर उभे आहेत.

स्वयंपाकघरातला लांबट स्पंज घ्या, पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी टपकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज हळूच उभा करा. पुन्हा पाणी टपकायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, पण उभ्या स्पंजात पाण्याला खाली ओढणारी उंची जास्त. मातीतही हेच घडतं. कुठल्याही कुंडीच्या तळाशी, भोक असूनही, पाण्याचा एक थर अडकून राहतो. मातीच्या बारीक फटी ते पाणी धरून ठेवतात आणि त्या थराची उंची कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसते, मातीच्या कणांच्या जाडीवर असते. कण बारीक तितका थर उंच. वीतभर खोल कुंडीत तळाचा काही भाग ओला राहिला तरी वर मुळांना हवा मिळते. पाच सेंटीमीटरच्या बोन्साय ट्रेमध्ये तोच थर जवळजवळ काठापर्यंत येतो. मग मुळांना जायला जागाच उरत नाही.

म्हणून तळाला खडीचा थर टाकायची जी जुनी पद्धत आहे, ती उथळ ट्रेमध्ये उलटी पडते. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकतं. म्हणजे अडकलेला थर तेवढाच राहतो आणि वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. खडी हवी तर ती तळाला वेगळी नको, सगळ्या मिश्रणात हवी.

आता त्यात गोव्याचा पाऊस धरा. वर्षाला सरासरी ३००० मि.मी.च्या आसपास, सत्तरी-सांगेच्या घाटाकडच्या पट्ट्यात त्याहूनही जास्त, आणि बराचसा भाग जून ते ऑगस्टमध्ये. ट्रेला वाळायला मधे दिवसच मिळत नाही. त्यात आपली माती तांबडी, जांभ्याची. बागेत ती छान निचरते. पण कुटून, चाळून, शेणखत घालून ट्रेमध्ये दाबली की वर्षभरात तिचे कण फुटून गाळ होतो.

कुणी विचारेल की प्रिव्हेटला तर पाणी आवडतं ना? खरं आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात हेच चिनी प्रिव्हेट नदीकाठच्या पूरमैदानांत तण म्हणून माजलं आहे. पण तिथं पूर येतो आणि ओसरतो, पाणी हलतं असतं, मुळं दूरवर पसरलेली असतात. ट्रेमधलं पाणी साचलेलं आणि कोमट. आपल्याकडे जुलैत रात्रीसुद्धा पारा २४-२५ अंशांच्या आसपास असतो. पाणी जितकं उबदार तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि उबेत मुळांचा श्वास मात्र जास्त चालतो. मुळं आधी गुदमरतात, मग त्यांच्यावर पाण्यात तरंगत येणाऱ्या बुरश्या बसतात. कुळागरात सुपारीला कोळेरोग करणारी फायटोफ्थोरा आपल्या ओळखीची आहे. मुळं कुजवणाऱ्या काही बुरश्या त्याच गटातल्या. म्हणून पानांवर औषध मारून काही साध्य होत नाही, आजार फुटभर खाली असतो.

आणखी एक गोष्ट याच सुमारास होते. धो धो पावसात नत्र आणि मॅग्नेशियम धुपून जातं. पिवळेपणात त्याचाही वाटा असतो, म्हणून खत घातल्यावर दोन दिवस बरं वाटतं. पण मुळं कुजलेली असताना घातलेलं खत झाडाला मिळत नाही, उरलेल्या मुळांना मात्र भाजतं.

जुलैत झाड पिवळं पडलंच आहे, तर आत्ता काय

सगळ्यात आधी ट्रेची एक बाजू उचला. लांबीच्या एका टोकाखाली लाकडाचा ठोकळा किंवा कौलाचा तुकडा सारून ती बाजू तीन-चार सेंटीमीटर वर करा, भोक खालच्या बाजूला राहील असं. स्पंज उभा करण्याचाच हा प्रकार. ठोकळा सारताच भोकातून पाण्याची धार सुटते, काल रात्रीपासून पाऊस नसला तरी. ती बघितल्यावर वेगळं पटवायची गरज राहत नाही.

भोकातून सुती किंवा नायलॉनच्या जाड दोरीचा तुकडा वर मातीत खुपसा आणि बाहेर वीतभर खाली लोंबता ठेवा. दोरी तळाचं पाणी ओढून खाली टपकवते. ट्रे जमिनीवर किंवा फरशीवर सपाट बसलेला असेल तर भोकं बंदच झाली म्हणायची, खाली दोन विटा द्या. मातीवर शेवाळाचा हिरवा बुळबुळीत पापुद्रा असेल तर तो खरवडून काढा, हवा आत जायची वाट तोच अडवतो.

मग डोक्यावर छप्पर. पण घरात आणू नका. बाल्कांवच्या (घरापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या) आत, खिडकीजवळ, देवघरापाशी ठेवलेलं प्रिव्हेट आठ-दहा दिवसांत अंधारानंच पानं टाकतं, आणि आपल्याला वाटतं पावसाचा परिणाम अजून चालू आहे. पावसाळ्यात आधीच उजेड कमी, त्यात प्रिव्हेट उन्हाचं झाड. पारदर्शक पत्र्याची तिरकी पट्टी सगळ्यात चांगली. तीन बाजू मोकळ्या आणि पश्चिमेकडून झड येत असेल तर तेवढ्याच बाजूला माडाच्या चुडतांची आडोशी. हवा खेळती राहिली पाहिजे. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या झाडावर बुरशी दुप्पट वेगानं चढते.

गड्ड्याला वास येत असेल तर मात्र वाट बघू नका. भर पावसात माती बदलू नये असं सगळे सांगतात, एरवी मीही सांगेन. पण कुजलेली मुळं दसऱ्यापर्यंत थांबत नाहीत. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: हवा दमट असते, त्यामुळे मुळं कमी झाली तरी पानांतून पाणी फार उडत नाही. आडोशाला बसून काळा भाग कात्रीनं कापून टाका, पांढरं मूळ लागेपर्यंत. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. मुळं स्वच्छ पाण्यात धुवा. मग खाली सांगितलेल्या जाड मिश्रणात लावा, शक्य असेल तर उथळ ट्रेऐवजी वीतभर खोल मातीच्या साध्या कुंडीत. दिसायला बोन्साय राहणार नाही, पण झाड राहील. ट्रे पुढच्या वर्षी. खोड तारेनं किंवा सुंभानं कुंडीला घट्ट बांधा. डुलणाऱ्या झाडाची नवी मुळं दर झुळुकीला तुटतात.

लावल्यावर मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात एकदा मुळांपाशी ओता. हातमोजे घाला. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशी) शेणखतात मुरवून वापरता येतं, पण त्याचं काम रोग येण्याआधीचं जास्त, आणि रासायनिक बुरशीनाशकाबरोबर ते एकत्र घालू नये, तेच मरतं. खत काही नाही. फांद्या छाटणं नाही. उरलेली पानं, पिवळी का असेनात, ओरबाडू नका.

पानांवर ठिपके असतीलच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, पाऊस थांबलेल्या सकाळी, पानाच्या खालच्या अंगालाही. सुपारीसाठी घरात केलेलं बोर्डो असेल तर एक टक्क्याचं चालेल, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, प्लास्टिकच्या बादलीत. दोन्हींत तांबं आहे, सततच्या दमट हवेत ते कोवळी पानं भाजू शकतं, म्हणून आधी एका फांदीवर मारून चार दिवस बघा.

खरं काम: तुळशीच्या लग्नापासून शिगम्यापर्यंत

झाड सप्टेंबरात पुन्हा हिरवं झालं तरी तळाचा गाळ तिथंच आहे. हीच वेळ विसरायची नाही. ज्या झाडाला यंदा त्रास झाला, त्याची नोंद चवथीच्या आधी वहीत करा, आणि माती बदलायचा मुहूर्त जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत धरा. तेव्हा रात्री थोड्या गार असतात, नवी पालवी फुटायच्या बेतात असते आणि कडक ऊन अजून दूर. दुसरी वेळ पाऊस संपल्यावर, पण ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, त्या वेळी केलं तर दोन आठवडे सावलीत ठेवावं लागेल.

बोन्सायवाले आकादामा या जपानी मातीबद्दल बोलतात. चांगली असते, महाग असते, आणि प्रिव्हेटसारख्या तगड्या झाडाला तिची गरज नाही. आपल्याकडे त्याहून सोपी वस्तू प्रत्येक वाड्यावर पडलेली आहे: फुटकी मंगळुरी कौलं. भट्टीत भाजलेली माती, आतून सच्छिद्र, पाणी धरते पण विरघळत नाही. पोत्यात घालून हातोड्यानं कुटा, मग दोन चाळण्या लावा. मोठ्या चाळणीवर राहील ते परत कुटायला, लहान चाळणीतून खाली पडेल ती भुकटी टाकून द्यायची. तीन ते सहा मि.मी.चे, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे. भुकटी टाकताना जीव हळहळतो, निम्मा माल गेला असं वाटतं. तरीही टाका. पावसाळ्यात भोकं लिंपणारा गाळ म्हणजे तीच भुकटी. ठेवलेले तुकडे पाण्यानं धुवा, पाणी नितळ येईपर्यंत.

पाडलेल्या घराची कौलं घेताना चुना किंवा सिमेंट लागलेली बाजूला काढा. भिंतीच्या विटांचं तर जास्तच बघा. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि मग नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असा लोहाच्या कमतरतेचा नवाच प्रश्न उभा राहतो. नव्या सिमेंटच्या ट्रेचाही हाच दोष. वापरायच्या आधी तो पावसाळाभर बाहेर भिजत ठेवावा.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, खडी चालते, पण पारखून. काही चिरा लोखंडासारखा टणक, काही बोटानं कुस्करणारा. मूठभर तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी चोळा. पाणी तांबडं होऊन तुकडे झिजले तर तो माल ट्रेसाठी नाही.

माझं प्रमाण असं: तीन भाग कौलांचे तुकडे, एक भाग करवंटीच्या कोळशाचे तेवढेच तुकडे किंवा टणक चिऱ्याची खडी, एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत. कोकोपीट घालायचं तर फार थोडं, आणि आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, कारण त्यात मीठ असू शकतं. घाटाखाली सत्तरीत किंवा धारबांदोड्याकडे राहत असाल तर खताचा भाग अर्धा करा. मिश्रण ट्रेमध्ये भरल्यावर वरून पाणी ओता. मनात दहा म्हणेपर्यंत ते दिसेनासं झालं पाहिजे. तळं साचलं तर अजून भुकटी शिल्लक आहे.

याची किंमत एप्रिल-मेमध्ये मोजावी लागते, ती आधीच सांगतो. एवढं जाड मिश्रण लवकर वाळतं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी, दुपारच्या उन्हापासून आडोसा. ज्यांना आठवडाभर गावाला जायचं असतं त्यांनी शेजाऱ्याला किल्ली देऊन जावं. मला हा व्यवहार परवडतो, कारण तहानलेलं प्रिव्हेट एका पाण्यानं उठतं, कुजलेलं वर्षभर उठत नाही.

माती बदलताना एकतृतीयांशपेक्षा जास्त मुळं एकदम काढू नका आणि खोडाच्या अगदी खाली हात घाला. बाजूची माती बदलून मधला जुना गाभा तसाच ठेवायची सवय असते, दर वर्षी त्याच ठिकाणी कुज सुरू होते. बांबूच्या काडीनं तो गाभा मोकळा करा, पूर्ण नाही जमला तर यंदा अर्धा, पुढल्या वेळी अर्धा. मोठी फांदी कापायची असेल तर तीही याच हंगामात. प्रिव्हेटचा मोठा काप सावकाश भरतो, त्याच्या खालची खोडाची पट्टी कधी कधी वाळत जाते, आणि पावसात उघडा राहिलेला काप आत कुजून खोड पोकळ करतो. कापावर लेप लावा. कात्री चालवण्यात प्रिव्हेट फार उदार आहे, जुन्या लाकडावरही कोंब फुटतात, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

पावसाच्या तोंडावर

मे संपता संपता, घराघरात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) बांधाबांध चालू असते तेव्हा, झाडांचीही करून घ्या. भोकांतून काडी फिरवून जाळी मोकळी करा. ट्रेची बाजू उचलायचा ठोकळा जवळच ठेवा. तारा बांधल्या असतील तर सोडा, पावसात खोड जाड होतं आणि तार सालीत रुतते. पिठ्या ढेकूण किंवा खवले राहिले असतील तर कोरड्या दिवसांतच निमतेल लिटरला ५ मि.ली., चार थेंब साबण घालून, संध्याकाळी फवारा. पावसात हे धुऊन जातं. पेंडीचं खत जून लागण्याआधी थांबवा. शेंगदाण्याची असो की खोबऱ्याची, पावसात ती मातीवर बुळबुळते, किडे धरते आणि भोकं बुजवते. पावसाळ्यात द्यायचंच तर उघडीप मिळेल त्या दिवशी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही झाड सशक्त असेल तरच. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर लिटरला १ ग्रॅम एप्सम सॉल्ट पानांवर.

गोगलगायींवर रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत कोवळी टोकं साफ करते आणि सकाळी आपण बुरशीला दोष देतो.

फुलं आली तर आनंद घ्या, पण फळं पिकायच्या आधी तुरे छाटा. श्रीलंकेकडची प्रिव्हेटची एक जात मॉरिशस आणि रेयुनियन बेटांवर पोचली आणि तिथल्या जंगलांत हाताबाहेर गेली. पक्षी बी दूरवर नेतात, आणि आपल्या पाठीशी म्हादईचं रान आहे.

एवढं करूनही पुढच्या जुलैत पानं पिवळी पडली, तर मुळं आणि माती वेगवेगळ्या पिशव्यांत घालून जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात घेऊन जा. जुन्या गोव्याजवळ एला इथं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांना मुळांचे रोग ओळखता येतात. मात्र मुळं ताजी हवीत, सकाळी काढलेली, ओल्या कागदात गुंडाळलेली. वाळलेल्या मुळांवरून कुणालाच काही सांगता येत नाही. बरोबर गळलेली पानं नेलीत तर चालेल, पण एकटी पानं नेऊ नका.